परिचर्येची पदवी आणि घरातले मूल

परिचर्येच्या वर्गात लहान मूल असलेली विद्यार्थिनी ही काही विरळा गोष्ट नाही. बारावी होऊन थेट बी. एस्सी. नर्सिंगला येणाऱ्या मुली संख्येने अधिक असतात हे खरे. पण त्यांच्याबरोबर संसारी बायकाही वेगवेगळ्या वाटांनी या शिक्षणात येतात. जी. एन. एम. करून नोकरीला लागलेली सिस्टर बढतीसाठी किंवा ट्यूटर होण्यासाठी दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक पदवीला येते, तेव्हा ती बहुधा पंचविशी ओलांडलेली असते आणि घरी बालवाडीच्या वयाचे मूल असते. लवकर लग्न झालेली आणि नंतर वैधव्य, घटस्फोट किंवा न भागणारी कमाई यांमुळे ए. एन. एम. किंवा जी. एन. एम.कडे वळलेली बाई ही दुसरी. या अभ्यासक्रमांना प्रवेशाचे कमाल वय ३५ आहे, म्हणजे ती येणार हे नियमाने गृहीतच धरले आहे. आणि तिसरी, चार वर्षांच्या पदवीच्या मधेच लग्न होऊन दिवस गेलेली. तिच्याबद्दल महाविद्यालये सर्वांत कमी बोलतात.

इतर पदव्यांपासून परिचर्येची पदवी वेगळी पडते ती तासांमुळे. कला शाखेत शिकणारी आई मैत्रिणीच्या वह्या आणून, मूल झोपल्यावर वाचून परीक्षा देऊ शकते. परिचर्येत परीक्षेला बसायलाच ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरावे लागतात. वॉर्डात बुडलेला प्रत्येक दिवस पुढे कधीतरी, बहुधा सुट्टीत, त्याच विभागात उभे राहून भरून द्यावा लागतो. प्रसूतिशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमात तर २० प्रसूती स्वतः केल्याची नोंद सहीनिशी वहीत लागत असे. कळा काही कॉलेजच्या वेळा पाहून येत नाहीत, त्यामुळे लेबर रूमची रात्रपाळी कुणाला चुकत नाही.

हा कडकपणा अनाठायी नाही. शिरेत सुई कशी घालायची, रक्त चढवताना रुग्णाला हुडहुडी भरली तर पहिल्यांदा काय बंद करायचे, श्वास उतरतो आहे हे मॉनिटर ओरडण्याआधी चेहऱ्यावरून कसे ओळखायचे, हे वॉर्डात उभे राहिल्याशिवाय येत नाही. आई आहे म्हणून तास कमी करा, अशी मागणी कुणी केली तर ती सवलत रुग्णाच्या जिवावर दिली जाईल. तासांची संख्या तशीच ठेवून त्यांची मांडणी मात्र तपासायला हवी, आणि तिथे या शिक्षणाची बाजू लंगडी पडते.

चार वर्षांची बी. एस्सी. पूर्ण करायला नियमांनी जास्तीत जास्त आठ वर्षे दिली आहेत. म्हणजे सावकाश शिकून झालेली परिचारिका नियमांना चालते. पण ही जादा वर्षे मिळतात ती नापास झालेल्या किंवा हजेरीअभावी अडवलेल्या विद्यार्थ्याला. मूल वर्षाचे होईपर्यंत निम्मेच विषय घेईन, राहिलेले पोस्टिंग पुढच्या तुकडीबरोबर करीन, असे आधी सांगून आखून घेण्याची सोय नाही. सावकाश जाणारी वाट आहे, पण तिच्या दारावर अपयशाची पाटी लावलेली आहे. २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमाने पदवी सत्रांत आणि क्रेडिटांत विभागली. क्रेडिट साठवत जाण्याची पद्धत खरे तर अशा विद्यार्थिनीला सोयीची. तरी सगळी तुकडी एकाच वेळी एका विभागातून दुसऱ्या विभागात हलवण्याची रीत कायम राहिल्यामुळे त्या पद्धतीचा हा उपयोग झालेला नाही.

दिवसाची रचना पाहिली की अडचण नेमकी कळते. मॉर्निंग ड्युटी सात-साडेसातला लागते. पाळणाघरे बहुधा कचेऱ्यांच्या वेळा बघून उघडतात. अंगणवाडीत तीन ते सहा वयाची मुले काही तास बसतात. १९७५ मध्ये सुरू झालेली ती योजना पोषण आणि शालापूर्व शिक्षणासाठी आखलेली होती, आईची पाळी डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, तीही दिवसापुरती. म्हणून प्रत्यक्षात ही पदवी दोन बायका मिळून करतात. एक वॉर्डात असते आणि दुसरी घरी, बहुधा आई किंवा सासू. सासूचे गुडघे दुखायला लागले की सुनेची हजेरी घसरते. पहिलीचे नाव गुणपत्रिकेवर येते, दुसरीचे कुठेच येत नाही. मूल कोण बघणार, हा प्रश्न विवाहित विद्यार्थिनीला सहज विचारला जातो. त्याच वर्गात बसलेल्या, नुकत्याच बाप झालेल्या ब्रदरला तो विचारायचे कुणाच्या मनात येत नाही.

ड्युटी संपल्यावर केअर प्लॅन, केस स्टडी आणि प्रोसिजर बुक यांचे लिखाण सुरू होते. ते मूल झोपल्यावर होते, म्हणजे दहानंतर. नाईट करून आलेल्या आईला दिवसा झोप मिळणे अधिकच अवघड, कारण दोन वर्षांच्या मुलाला आई घरात आहे एवढेच समजते. अपुऱ्या झोपेने औषधाच्या मात्रेत चुका होतात, हे तिला वर्गात शिकवलेले असते.

शरीराचा प्रश्न याहून अवघड, आणि इथली विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, हे प्रत्येक विद्यार्थिनी पाठ करते. १ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात त्यावर पोस्टर काढते, बाह्यरुग्ण विभागात पथनाट्य करते. तिचे स्वतःचे बाळ चार महिन्यांचे असेल, तर सहा-सात तासांच्या पाळीत दूध काढायला आडोसा लागतो, ते थंड ठेवायला फ्रिज लागतो आणि तेवढी पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती मिळाली नाहीत की छाती दगडासारखी होते आणि काही आठवड्यांत दूध आटते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दूध काढून, साठवून बाळाला कसे द्यायचे ही विद्या महाराष्ट्रातील रुग्णालयांना तेव्हापासून ठाऊक आहे. विद्यार्थिनींच्या चेंजिंग रूमपर्यंत ती सहसा पोचलेली नाही.

गरोदर विद्यार्थिनीच्या बाबतीत विभागांचा क्रम बदलणे ही सोय उरत नाही, ती सुरक्षिततेची बाब होते. क्ष-किरण विभाग, कर्करोगाची औषधे भरण्याचे काम, कांजिण्या किंवा रुबेलाचा रुग्ण असलेली खोली, यांपासून तिला दूर ठेवायला हवे हे पाठ्यपुस्तकच सांगते. चांगल्या इन्चार्ज सिस्टर हे न सांगता करतात. पण चांगल्या सिस्टरवर विसंबणे म्हणजे व्यवस्था नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने ही विद्यार्थिनी दोन खुर्च्यांच्या मधे बसलेली आहे. १९६१चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला गेला. त्याने २६ आठवड्यांची रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले, शिवाय दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा दिली. त्याच वॉर्डात, त्याच रुग्णाच्या चादरी बदलणारी विद्यार्थिनी मात्र कर्मचारी नसल्यामुळे या मोजणीत येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीतील सवलतीचे नियम करावेत, असे विद्यापीठांना कळवले. केरळने २०२३ मध्ये आपल्या राज्य विद्यापीठांतील विद्यार्थिनींना ६० दिवसांपर्यंत प्रसूती रजा दिली. हजेरीची सवलत वर्गापुरती उपयोगी पडते. वॉर्डातील १०० टक्क्यांची अट तिथेच राहते. रजेचे दिवस कुठे, कधी आणि कुणाबरोबर भरायचे हे लेखी ठरल्याशिवाय परिचर्येतील रजा म्हणजे पुढे ढकललेले ओझे ठरते.

या सगळ्यामागे विद्यार्थिनीची एक ठरावीक प्रतिमा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिने परिचारिका घडवण्याचा साचा दिला. वसतिगृहात राहणारी, शिस्तीत वाढणारी, अविवाहित तरुणी. तो साचा जगभर गेला आणि भारतातही रुजला. सैन्याच्या परिचर्या सेवेत तर लग्न केले म्हणून अधिकारी परिचारिकेला काढून टाकणारा नियम १९९५ पर्यंत टिकला होता. त्या नियमाखाली १९८८ मध्ये नोकरी गेलेल्या परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई देवविली आणि तो नियम मनमानी ठरवला.

महाराष्ट्रात मात्र दुसरी एक परंपरा होती. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला गेल्या. त्यांत विधवा होत्या, संसाराचा अनुभव घेतलेल्या प्रौढ बायका होत्या. सोवळ्या घरातल्या बाईने परक्या पुरुषाचे मलमूत्र काढायचे, या कल्पनेनेच तेव्हा शहर हादरले होते. सेवासदनाने त्यांच्या राहण्याची सोय केली, घरच्यांची समजूत घातली. बाईच्या आयुष्याला जुळवून घेत शिक्षण उभे करता येते, याचा हा घरचाच दाखला. पुढे नर्सिंग स्कूलची नियमावली लिहिताना तो कुणाला आठवला नाही.

तास कमी न करता आईला मदत करता येते, हे खुद्द नाइटिंगेलांच्या देशात दिसते. ब्रिटनमध्ये परिचारिकेच्या नोंदणीसाठी ४,६०० तासांचे शिक्षण लागते आणि त्यातले निम्मे प्रात्यक्षिक असते. तो आकडा मुलासाठी खाली येत नाही. पण इंग्लंडमध्ये २०२० पासून परिचर्येच्या पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंड आणि मूल अवलंबून असलेल्यांना आणखी २,००० पौंड अनुदान मिळते, आणि ते फेडावे लागत नाही. भारतात कामावरच्या परिचारिकांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पोस्ट बेसिक पदवी दूरशिक्षणाने दिली, तीही प्रात्यक्षिकाला फाटा न देता. म्हणजे वेगळी मांडणी इथेही करून झालेली आहे.

आई असल्यामुळे ती अधिक चांगली परिचारिका होते, असे शपथविधीच्या भाषणांत सांगितले जाते. या कौतुकापासून सावध राहिलेले बरे. मूल झालेल्या बाईला रडणाऱ्या बाळाची भीती कमी वाटते, एवढे खरे. इन्सुलिनची मात्रा काढायला तिलाही इतरांइतकाच सराव लागतो. तिला हवे आहे ते वेळापत्रक. पुढच्या सहा महिन्यांच्या पाळ्या आधी कळाव्यात, नाईट सलग लागाव्यात म्हणजे गावाहून आईला बोलावता येते, आणि बुडालेले पोस्टिंग पुढच्या तुकडीत भरण्याचा हक्क लेखी असावा. रुग्णालयाच्या पाळणाघरात विद्यार्थिनीचे मूल घ्यावे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसाही लागत नाही.

१९४७च्या भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये झाला. शिक्षणाची मानके ठरवणे हे त्या आयोगाचे काम आहे. महाविद्यालयाला प्रयोगशाळा किती, ग्रंथालय केवढे, वसतिगृहात खोल्या किती याच्या याद्या अशा मानकांत नेहमीच असतात. त्या यादीत पाळणाघराची एक खोली आणि आठ वर्षांच्या मुदतीत आखून, सावकाश शिकण्याची एक तरतूद घालायला संसदेत जावे लागत नाही.