वहीतले व्याकरण

नागपुरातल्या प्रतापनगरात एक आई आपल्या मुलीला घरीच शिकवत असे. मुलगी दहा वर्षांची. पुढे राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडे नाव नोंदवून पाचवीची परीक्षा द्यायची, असे ठरलेले होते. गणित बरे चालले होते, परिसर अभ्यासही. सगळ्यांत चांगले चालले होते लेखन. रोज सकाळी एक पान लिहायचे आणि विषय मुलीनेच निवडायचा, एवढाच नेम होता. त्या पानांत अंबाझरीचा तलाव असे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबत असे, बडगे असत, आणि पुष्कळदा आजी असे. आजी म्हणायची, पाऊस येऊन राह्यला, छत्री काहून नाही घेतली? मुलगी ते जसेच्या तसे लिहायची.

आईला एकच काळजी होती. लिहिते छान, पण व्याकरणाचे काय? शाळेतल्या मुलांना ते क्रमाने शिकवतात. आपल्या मुलीचे राहून गेले तर?

म्हणून ती बर्डीच्या बाजारात गेली आणि पिशवीभर पुस्तके घेऊन आली. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ आणले, कारण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते असते. मोरो केशव दामले यांचे 1911 सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणले, कारण त्याहून मोठा ग्रंथ नाही असे कोणी सांगितले. बालभारतीची पुस्तके आणली, सरावाच्या तीन-चार वह्या आणल्या. यांतले सर्वांत चांगले कोणते, हे ठरेना. शेवटी वाळंब्यांचे पुस्तक पहिल्या पानापासून सुरू झाले. वर्णविचार, संधी, मग शब्दांच्या जाती, मग समास. रोज अर्धा तास, लेखनाच्या आधी.

मुलगी हुशार होती. महिन्या-दोन महिन्यांत तिला तत्पुरुष आणि बहुव्रीही ओळखता येऊ लागले. शब्दसिद्धीच्या धड्यातल्या तत्सम, तद्भव, देशी शब्दांच्या याद्या तिने घडाघडा म्हणून दाखवल्या. आई आता तिच्या पानावर लाल पेनाने खुणाही करू लागली. ‘येऊन राह्यला’ खोडून ‘येत आहे’ केले. ‘काहून’ खोडून ‘का’ केले.

त्यानंतर पान आखडू लागले. पाऊण पानाचे अर्धे झाले, अर्ध्याच्या पाच ओळी झाल्या. ‘माझे नाव अमुक आहे. मला पाऊस आवडतो. पावसाळ्यात हवा थंड असते.’ एकही चूक नाही. मारबत गेली, तलाव गेला. आजीचे बोलणे आधी खोडले गेले होते; आता आजीच पानावर येईनाशी झाली. ज्या शब्दाची खात्री नाही तो लिहायचाच नाही, अशी युक्ती मुलीने शोधून काढली होती. मुलांना ही युक्ती फार लवकर सापडते आणि मोठ्यांना ती सुधारणा वाटते. याचे मला खरोखर दुःख होते.

वरच्या मजल्यावर एक काकू राहत. आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. एका संध्याकाळी आई सगळी पुस्तके उचलून त्यांच्याकडे गेली.

“काकू, यातलं कोणतं घेऊ, तुम्हीच सांगा. माझं तर डोकं चालेना.”

“काहून एवढी आणलीस, बाई?” काकू म्हणाल्या. “पुस्तकं राहू दे इथे. तिच्या वह्या आण. लाल पेन लागायच्या आधीच्या.”

काकूंनी वह्या दोन दिवस ठेवून घेतल्या. परत देताना सोबत एक कागद दिला. त्यावर मुलीच्याच वहीतले शब्द होते : नागपूरात, तूपात, दूधाचा, फूलांचा, गरीबाला, मिरवणूकीत.

“सहा चुका,” आई म्हणाली.

“सहा नाहीत, एक आहे. एकच नियम तिला माहीत नाही, म्हणून सहा जागी पाय घसरला. नागपूर, पण नागपुरात. तूप, पण तुपात. शब्दाला प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. या महिन्यात एवढंच शिकव. आणि तू नको सांगूस. शब्द समोर ठेव, ती काढेल नियम.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं तिला येतं. मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला. क्रियापद कोणामागे जातं, हे तिला कोणी शिकवलं? तरी एका जागी चुकली नाही. आणखी दोनच गोष्टी आहेत. आजीचं बोलणं अवतरणचिन्हात टाकायला शिकव, म्हणजे बोलणारं कोण आणि सांगणारं कोण ते कळेल. आणि तिची सगळी वाक्यं ‘मग, मग’ करत येतात. तिला ‘जेव्हा-तेव्हा’ दे, ‘येताना-जाताना’ दे. व्याकरण वहीतून निवडायचं असतं. पुस्तक त्यानंतर उघडायचं.”

“पण ‘येऊन राह्यला’ तर चूकच ना?”

“आजीच्या तोंडी बिलकूल नाही. नागपुरात सगळे असंच बोलतात, आणि त्यालाही नियम आहे. मुलगी स्वतः निबंधात सांगत असेल तेव्हा ‘येत आहे’ लिहू दे. दोन्ही यायला पायजे. एक येण्यासाठी दुसरं मारायचं नसतं.”

काकूंच्या बोलण्यामागे भाषेचा सगळा इतिहास उभा आहे. ज्ञानेश्वरी 1290 सालची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापले गेले 1836 साली. मधल्या साडेपाचशे वर्षांत ओव्या झाल्या, अभंग झाले, बखरी झाल्या. ज्या अवतरणचिन्हांविषयी काकू बोलत होत्या, ती तर जुन्या पोथ्यांत नव्हतीच. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय 19 व्या शतकातल्या मेजर कँडींना दिले जाते. लोक आधी बोलले, लिहिते झाले, आणि मग कोणी तरी बसून त्या बोलण्या-लिहिण्यातली व्यवस्था पाहिली. दादोबांनी आणि दामल्यांनी हेच थोर काम केले. वाळंब्यांचे पुस्तकही उत्तमच आहे. परीक्षेला बसणाऱ्या मोठ्या माणसाने ते पहिल्या पानापासून वाचावे. दहा वर्षांच्या मुलीला मात्र तिच्या वाक्याला हवे असेल तेच पान आधी द्यावे. आणि ते पान सापडणे कठीण नसते : साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 साली 14 होते, 1972 साली त्यांत 4 घातले गेले. असे हे 18 नियम. सगळे मिळून काही पानांत मावतात.

आईने लाल पेन ठेवून दिले. व्याकरण लेखनाच्या आधी होते, ते नंतर आणले. रोज मुलीचे पान वाचून झाले की त्यातला एकच शब्द किंवा एकच वाक्य घ्यायचे, दहा मिनिटे त्यावर बोलायचे आणि उठायचे. काकूंच्या कागदावर शेजारी बरोबर रूपे लिहून तो मुलीसमोर ठेवला, तेव्हा तिने ती पाहिली, ओठांतल्या ओठांत म्हणून बघितली आणि नियम स्वतःच सांगितला. मग ती घरभर शब्द शोधत फिरली. मीठ, मिठात. चूल, चुलीवर. चंद्रपूर, चंद्रपुरात. बर्डीला हा नियम का लागत नाही, हेही तिनेच सांगितले : “तिथली वेलांटी शेवटच्या अक्षराला आहे, आई.”

पाने लगेच भरली नाहीत. मनात बसलेली भीती खोडरबराने जात नाही. बऱ्याच दिवसांनी आजी पुन्हा बोलली, पण आता अवतरणचिन्हात.

एके दिवशी मुलगी वही घेऊन आली. तिने ‘शरिरात’ लिहिले होते आणि छापलेल्या पुस्तकात ‘शरीरात’ होते. “आपला नियम इथे चालत नाही. खीर, खिरीत होतं. मग शरीरचं का नाही?” आईने नियमावली उघडली. तत्सम शब्दांना तो नियम लागू नाही, असे तिथे स्पष्ट होते. म्हणजे शब्द कुठून आला हे पाहावे लागणार होते. वाळंब्यांच्या पुस्तकातला शब्दसिद्धीचा धडा काढला गेला, मुलीने पूर्वी पाठ करून म्हणून दाखवलेला तोच. या वेळी ती पेन्सिल घेऊन बसली आणि आपल्या वहीतले शब्द एकेक करून वेगळे लावू लागली. शरीर संस्कृतातून जसेच्या तसे आले. खीर ‘क्षीर’ची बदलून झाली, म्हणून ती मराठीच्या नियमाने वागते. दूधही तसेच. मग ‘गरीब’ कुठला, यावर मायलेकींचा वाद जुंपला, आणि दामल्यांचा ग्रंथ पहिल्यांदा कपाटातून खाली आला.