दयेची मात्रा

परळमध्ये गिधाड हा शब्द अजून जिवंत आहे. बंद गिरणीच्या फाटकाशी, चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, "जागेवर गिधाडं टपून बसलीत." म्हणणारा तिशीच्या आतला असेल, तर त्याने गिधाड बहुधा पाहिलेलंही नसतं. पक्षी गेला, शिवी उरली. तीही अन्यायाची. गिधाड जिवंतावर टपत नाही. मेल्यावर येतं, सगळं साफ करतं आणि त्याचे पैसे मागत नाही.

नव्वदच्या दशकात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली गिधाडं आणि ओस घरटी दिसू लागली. रोग असावा, असंच सगळ्यांना वाटत होतं. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून कारण कळलं : डायक्लोफिनॅक, गुरांना टोचायचं वेदनाशामक. औषध अंगात असताना जनावर मेलं, की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. यूरिक आम्ल साचत जातं आणि काळजा-यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर बसतो. एका गुरावर अख्खा थवा जेवतो, म्हणून शंभर मेलेल्या गुरांत एखादंच असं निघालं तरी पुरे. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरली.

बंदूक नाही, कुऱ्हाड नाही. सुजल्या सांध्याच्या गाईला उठता यावं, एवढीच इच्छा. मला छळतं ते हेच. लोभाला निदान शिव्या तरी घालता येतात. दयेला काय म्हणायचं? ही दया परळला परकी नाही. पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ इथे एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. आणि साकरबाईंच्याच पारशी समाजाला, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जातात त्या मलबार हिलच्या डुंगरवाडीत, गिधाडांअभावी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. पक्ष्याचं काम आरशाकडे गेलं. ढगाळ पावसाळ्यात आरसा काय करणार?

गिधाडांविना कुजत राहिलेल्या गुरांची किंमत माणसांनीही मोजली. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्झिकॅम बाजारात आहे. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावने आपली गिधाडांची घरटी राखली.

परळ-लालबागची कितीतरी घरं गणपतीला गावी जातात. यंदा गेलात, तर गोठ्याच्या फळीवरची औषधाची कुपी एकदा हातात घ्या आणि तिच्यावरचं नाव वाचा.