दोष कोणाच्या पदरी?

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगांतूनच उद्भवतात, अशी आपली एक समजूत आहे. युद्ध, फाशी, दुष्काळ असे काही घडले म्हणजे आपण न्याय-अन्यायाचा विचार करू लागतो. पिंजऱ्यात पाळलेला नर ससा उन्हाळ्यात निर्बीज होतो, ही गोष्ट त्या मानाने अगदीच क्षुल्लक. पशुवैद्याने पाहावी आणि पाळणाऱ्याने आपल्या वहीत तोट्याच्या बाजूला मांडावी, एवढीच तिची योग्यता, असे कोणीही म्हणेल. परंतु या क्षुल्लक गोष्टीत कार्यकारणाचा, पुराव्याचा आणि दायित्वाचा असा काही गुंता आहे की, कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाला तो सहजासहजी ओलांडून जाता येत नाही.

हा गुंता नीट समजावा म्हणून आपण पांढुर्णा आणि सौंसर या भागाकडे जाऊ. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा, नागपूरच्या उत्तरेचा हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा भाग मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा बदलली तरी घरातली मराठी बदलली नाही, आणि उन्हाळाही बदलला नाही. संत्र्याचा आणि कापसाचा हा प्रदेश मे महिन्यात कसा तापतो, हे नागपूरकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो, नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात, आणि माणसे वाळ्याच्या ताट्यांच्या किंवा कूलरच्या आश्रयाला जातात. ससेपालन हा येथील मुख्य धंदा नव्हे. तथापि अशा प्रदेशात कोणी हौसेने वा जोडधंदा म्हणून ससे पाळले, तर त्या सशांचे काय होते, हाच आपल्या विचाराचा विषय आहे.

प्रथम शरीराची हकीकत पाहू. आपण ज्याला पाळीव ससा म्हणतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बीळ खणून राहणारा प्राणी. त्याला साधारण १५ ते २५ अंशांची हवा मानवते. त्याला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची त्याची मुख्य साधने म्हणजे लांब कान आणि जलद श्वास. तिशीच्या वर पारा गेला की त्याचे खाणे कमी होते, आणि पस्तिशीच्या पुढे शरीराचे तापमान ताब्यात ठेवणे त्याला अशक्य होत जाते. बहुतेक सस्तन नरांप्रमाणे त्याच्याही वृषणांना शरीराहून थोडा थंडावा लागतो. तो मिळाला नाही की शुक्राणूंची संख्या घटते, त्यांची हालचाल मंदावते, विकृत शुक्राणूंचे प्रमाण वाढते, आणि नराची इच्छाही मावळते.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती काळाची. सशाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, आणि त्यापुढे पक्व होऊन बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजेच रोहिणी नक्षत्रात जे बीज घडू लागले आणि उन्हाने भाजले गेले, त्याचा हिशेब लागतो तो पुनर्वसू-पुष्याच्या सुमारास. तोवर मृग येऊन गेलेला असतो, रान हिरवे झालेले असते, हवेत गारवा असतो. नर पुन्हा चपळ दिसू लागतो, मादीजवळ जातो, समागमही घडतो. पण मादी गाभण राहत नाही. पाळणारा मनाशी म्हणतो, ऊन तर केव्हाच सरले, नर तर धडधाकट आहे, तेव्हा दोष मादीचाच असला पाहिजे.

आणि मादीकडून तर दोषाचा जणू पुरावाच मिळतो. सशाच्या मादीत बीज सुटते ते समागमामुळेच. नराचे बीज निकामी असले तरी तिचे शरीर मात्र गर्भ राहिल्यासारखे वागू लागते. खऱ्या गर्भाला सुमारे ३१ दिवस लागतात. हा खोटा गर्भ १६ ते १८ दिवसांत ओसरतो. त्या वेळी ती आपल्या छातीपोटाचे केस उपटते, गवत गोळा करते आणि घरटे बांधते. त्या घरट्यात एकही पिलू येत नाही. असे दोन-तीनदा झाले की ती वांझ ठरते, आणि वांझ ठरलेल्या मादीची वाट कसायाकडे जाते. खऱ्या कारणाची चौकशी होत नाही, नराच्या बीजाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जात नाही. निकाल मात्र लागतो आणि त्याची अंमलबजावणीही होते.

उन्हाचा त्रास मादीला होत नाही असे नव्हे. तिचेही खाणे तुटते, पोटातले गर्भ जिरतात, दूध आटते. म्हणून प्रत्येक वेळी दोष नराचाच, असा उलटा पूर्वग्रह बाळगण्यातही अर्थ नाही. माझे म्हणणे एवढेच की, आरोपी दोन असताना एकालाच पिंजऱ्यात उभे करावयाचे, आणि तेही केवळ रिकामे घरटे तिच्या दारी सापडले म्हणून, ही न्यायाची रीत नव्हे. वाचकांना येथे माणसांची घरे आठवली असतील तर त्यात नवल नाही. मूल न होणाऱ्या स्त्रीला वांझ म्हणून हिणवणारे, तिच्यावर सवत आणणारे आणि पुरुषाच्या तपासणीचे नाव काढताच अपमान मानणारे समाज आपण पाहिले आहेत, आणि ते पुरते नाहीसे झाले आहेत असे म्हणवत नाही. जिथे फळ दिसायला हवे तिथेच दोष शोधावयाचा, ही मनाची सवय पिंजऱ्यापुरती राहत नाही.

आता मूळ प्रश्न. नर सशाचे बीज उन्हाने जळाले, यात त्याचा स्वतःचा काही तोटा आहे काय, की तोटा केवळ मालकाचा? निर्बीजता हीच इजा मानावी, तर आपल्यापुढे मोठी अडचण उभी राहते. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावतो आणि ज्याला पुरणपोळी चारतो, तो बैल आपण स्वतःच खच्ची केलेला असतो. शहरांतील मोकाट कुत्र्यांची नसबंदी करतात आणि तिला आपण दयेचेच काम मानतो. सशाला वंश चालवण्याची चिंता असेल असे मानायला आधार नाही. तेव्हा निर्बीजता ही स्वतःच अन्याय ठरत नाही.

परंतु ती अन्यायाची साक्ष मात्र ठरते. शरीर संकटात सापडले की ते प्रथम जिवाला धरून ठेवते आणि वंशाचा खर्च थांबवते. बीज जळाले याचा अर्थ त्याआधी कित्येक दुपारी तो प्राणी धापा टाकीत, कान ताणून, तारेवर निपचित पडलेला होता. ससा ओरडत नाही. बैल हंबरतो, कुत्रा केकाटतो. ससा मरणाच्या भयाखेरीज तोंड उघडत नाही. गोदावरीकाठच्या वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव एकनाथांना दिसले आणि रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी त्याच्या तोंडी ओतली, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्या कथेत तहान डोळ्यांना दिसत होती. जी तहान दिसत नाही, जी दोन महिन्यांनी रिकाम्या घरट्याच्या रूपाने प्रकट होते, तिच्याविषयी आपले कर्तव्य कमी होते काय, हा खरा प्रश्न आहे.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. डोकी फुटतात, रक्त वाहते, म्हणून तेथे पोलीस असतात, डॉक्टर असतात, बंदीचे हुकूम निघतात. दिसणाऱ्या जखमेला साक्षीदार मिळतात. न दिसणाऱ्या जखमेचा साक्षीदार एकच असू शकतो, आणि तो म्हणजे ज्याच्या ताब्यात तो जीव आहे तो माणूस.

आपला कायदा या बाबतीत वाटतो तितका आंधळा नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा पाठपुरावा केला, त्यातून पुढे १९६० चा प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या हितासाठी सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत आणि अनावश्यक यातना टाळल्या पाहिजेत. अकराव्या कलमात पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा अपराध मानला आहे. येथे एक वकिली शंका उपस्थित करण्याजोगी आहे. पत्र्याचे छप्पर हा निवारा आहे काय? पावसात तो निवारा आहे. मे महिन्याच्या दुपारी, पांढुर्ण्याच्या उन्हात, तोच पत्रा तव्यासारखा तापतो. ज्या छपराखाली सावली आहे पण आसरा नाही, त्याला निवारा म्हणणे म्हणजे शब्द पाळून अर्थ मोडणे होय. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदाने १९७६ पासून जीवमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा पुरस्कार केला, त्यांत उष्मा आणि अस्वस्थता यांपासून मुक्तता येतेच. त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये, प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणण्यापर्यंत जाण्याचे मात्र टाळले. माझ्या मते येथे हक्काच्या वादाची गरजही नाही. कर्तव्य सिद्ध झाले तरी पुरे.

ते कर्तव्य कोठून येते? सौंसरकडच्या रानात रानससा आहे. तो उन्हाळा सोसतो, कारण झुडपाची सावली त्याची त्याला निवडता येते. वर्धा, नागपूर, छिंदवाड्याकडचा गवळाऊ बैल या मातीत घडलेला आहे. पाळीव ससा येथे स्वतःहून आला नाही. आपण त्याला आणले, आणि उन्हापासून वाचण्याचे त्याचे एकमेव साधन, म्हणजे बीळ, ते काढून घेऊन त्याला तारेच्या पिंजऱ्यात ठेवले. ज्याने दुसऱ्याचे आत्मरक्षणाचे साधन काढून घेतले, त्याच्यावर त्याच्या रक्षणाचा भार येतो, हे तत्त्व तुरुंगातल्या कैद्याच्या बाबतीत आपण मान्य करतोच. बिळाचे काम आता मालकाने केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, जो प्राणी शेवटी मांसासाठीच आहे त्याच्या दुपारची एवढी काळजी कशाला? याचे उत्तर सोपे आहे. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यालाही अन्न, पाणी आणि औषध द्यावेच लागते. शेवट ठरलेला असला म्हणून मधले दिवस बेवारस होत नाहीत. अन्नासाठी प्राणी मारण्याला कायद्याने मुभा दिली आहे. त्याला अनावश्यक यातना देण्याला नव्हे.

आणि उपाय काही असाध्य नाहीत. पत्र्यावर गवताचे किंवा पराटीचे आच्छादन, पश्चिमेला झाडांची सावली, पिंजऱ्याजवळ खेळती हवा, दिवसभर गार पाणी, पहाटेच्या वेळी समागम, आणि उन्हाळा सरल्यावर नराला दोन महिन्यांची सवड. पांढुर्ण्याच्या कोरड्या हवेत ओल्या गोणपाटाचा चांगला उपयोग होतो. कोकण-गोव्याच्या वाचकांनी मात्र याची नक्कल करू नये. तेथील दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून गारवाही येत नाही, आणि कमी उष्म्यातही ससा तितकाच हैराण होतो. तेथे वारा आणि उंच छप्पर हेच खरे साधन. पुष्कळ नर पुढे थंडाव्यात पुन्हा सबीज होतात. त्यासाठी लागतो तो धीर.

हा धीर ठेवणे म्हणजेच निकाल लांबणीवर टाकणे. कारण आणि परिणाम यांच्यात दोन महिन्यांचे अंतर पडले की माणसाची बुद्धी जवळ दिसेल त्याला दोषी ठरवते. आषाढात रिकामे घरटे पाहणाऱ्या मालकाने मादीकडे बोट दाखवण्यापूर्वी नराकडे पाहावे, नराकडे पाहण्यापूर्वी छपराकडे पाहावे, आणि ते छप्पर कोणी घातले हे आठवावे. एवढी चौकशी झाल्यावर जो निकाल लागेल, त्याविरुद्ध अपील करण्याचे कारण सहसा उरणार नाही.