घट किती धरायची?

विटा, खानापूर, आटपाडी आणि पलीकडे साताऱ्याच्या माण-खटावातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं गाळायला जातात. केरळापासून पंजाब-बंगालपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या बोळात एक छोटी भट्टी सापडते आणि भट्टीमागे आपला गलाईवाला. दुष्काळानं घराबाहेर काढलेल्या या माणसांच्या धंद्याला ना मोठं दुकान लागलं, ना जाहिरात. सोनार मोडीचे दागिने आणून देतो. गलाईवाला त्यात अडीच-तीन पट चांदी मिसळून सगळं वितळवतो आणि तेजाबात टाकतो. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत तापवली की सोनं पिवळंधमक होऊन बाहेर येतं.

या खटाटोपात थोडं सोनं जातंच. मुशीला चिकटतं, धुण्यात वाहतं. ही घट धंद्यात गृहीत धरलेली असते. प्रश्न एवढाच, की ती किती धरायची? गुंजभर जास्त धरली तर भट्टीच्या धगीपलीकडे बसलेल्याला काय कळणार?

तर कळतं. सोनार वजन करतो, टंच काढतो, शेजारच्या गलाईवाल्याकडची घट त्याला तोंडपाठ असते. एकदा संशय आला की माणूस बोळातून उठतो, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या गावच्या, भावकीच्या चार जणांकडेही लोक तिरक्या नजरेनं बघायला लागतात. मग याला नीती म्हणायचं की धाक? मला हा वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. धाकानं का होईना, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी लाखालाखाचं सोनं यांच्या हाती दिलं, हे खरं. मात्र या विश्वासाच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती नजरेआड होऊ नये. इथे देणाऱ्यालाही सोनं कळतं आणि घेणाऱ्यालाही. दोघं तोडीस तोड आहेत.

धंद्यातल्या नीतीचा खरा कस लागतो तो दोघांपैकी एकालाच माल कळतो तिथे.

आमच्या भागात याचं रोखठोक उदाहरण म्हणजे साखर कारखान्याचा काटा. दोन ट्रॉल्यांत वीसेक टन ऊस भरून ट्रॅक्टर गव्हाणीकडे निघतो, काट्यावर चढतो, उतरतो, हातात पावती पडते. वजनाचा आकडा कारखान्याचा. पुढे साखरेचा उतारा काढायचा तोही कारखान्याच्याच प्रयोगशाळेत. 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी टनाला 3,400 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, होती. म्हणजे खेपेमागे एक टन कमी दाखवला तरी शेतकऱ्याचे चौतीसशे गेले, आणि ते गेले हे त्याला कधीच सिद्ध करता येणार नाही. प्रत्येक कारखाना काटा मारतो असं मी म्हणत नाही. काटा चोख ठेवणारे कारखाने आहेत आणि ते कोणते, हे शिवारात सगळ्यांना ठाऊक असतं. पण बाहेरच्या काट्यावर तोलून आणलेला ऊस नाकारू नका, ही शेतकरी संघटनांची मागणी इतकी वर्षं का रेंगाळली, याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. ज्याचा काटा चोख, त्याला दुसऱ्या काट्याची भीती कशाला?

शेतकरीही धुतल्या तांदळाचा नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मोळीत वाढं-पाचट खपवणं, डेअरीच्या दुधात तांब्याभर पाणी घालणं, हळदीला रंग चढवणं हे प्रकार कारखानदारांनी आपल्याला शिकवलेले नाहीत. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मेटॅनिल यलो या रंगाची चिमूट टाकायला मानांकनाची आडकाठी होत नाही. परमुलखातल्या गिऱ्हाइकाला रंग दिसतो, त्यात काय मिसळलंय ते दिसत नाही. काटा मारणारा आणि रंग मिसळणारा, दोघंही समोरच्याच्या अडाणीपणावरच जगतात.

आपल्याकडे नीतीची चर्चा निघाली की ती चटकन माणसाच्या स्वभावावर जाते. अमका देवमाणूस, तमका लबाड. मला वाटतं, स्वभाव बघण्याआधी एक साधी गोष्ट बघावी. ज्याच्या हातात जास्त आहे, तो कमी असलेल्याला आपला हिशेब तपासू देतो का?

बहुतेक वेळा घडतं ते उलटंच, कारण तपासणी नेहमी खालच्याची होते. म्हसवडच्या बायकांची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. माण तालुक्यातल्या कष्टकरी बायकांसाठी चेतना सिन्हा यांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक बायका निरक्षर, कागदावर अंगठे उठलेले. त्या बायका अक्षर गिरवायला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनाही यंत्र न घेता काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. परीक्षा घ्यायची तर दोन्ही बाजूंची घ्या, असं या बायकांनी सुनावलं होतं.

किर्लोस्करवाडीत हेच दुसऱ्या टोकानं घडलं: ज्याच्या हातात जास्त, त्यानंच आधी भरवसा टाकला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना उभारला. रखवालीला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांना गावात कुणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर कारखाना सोडला. त्याच कारखान्याचे नांगर विकत भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. त्याआधी 1914 च्या, पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात कोल्हापुरात त्यांच्यावर अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्याची सक्ती झाली होती. त्यांनी तुरुंग पत्करला, छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. त्यांनी काढलेली रयत शिक्षण संस्था 1919 ची. लोकांनी पुढे या माणसाच्या शब्दावर धान्य, पैसा, जमिनी दिल्या. त्या शब्दाची किंमत त्यानं अशी आधीच चुकवलेली होती.

इथवर माझं म्हणणं सोपं होतं. गिऱ्हाइकाला तपासू द्या, की झालं. पण म्हैसाळनं ते उधळून लावलं. मिरज तालुक्यातल्या या गावाजवळ मार्च 2017 मध्ये पुरलेले 19 भ्रूण सापडले. एका बाईचा गर्भपातात जीव गेला, म्हणून प्रकरण बाहेर आलं. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ काढल्यापासून ज्या भागाची ओळख दवाखान्यांसाठी, तिथली ही गोष्ट. इथे गिऱ्हाईक फसलेलं नव्हतं. बाईला कुणी विचारलं असेल-नसेल, पण पैसे मोजणाऱ्या घराला नेमकं काय हवं ते ठाऊक होतं. दुकानदार राजी, गिऱ्हाईक राजी, मधला एजंट राजी. ज्याचं नुकसान होत होतं, त्याला आवाजच नव्हता. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. म्हणजे दोघांच्या संमतीनं झालेला सौदा प्रामाणिक असतोच असं नाही. ठेकेदार आणि अभियंता यांच्यात ठरलेल्या टक्केवारीतही दोघं खूशच असतात, खड्डा तिसऱ्याच्या वाट्याला येतो. अशा जागी व्यावसायिकानं आपल्याच गिऱ्हाइकाला, आपल्याच साहेबाला ‘नाही’ म्हणायचं असतं.

‘नाही’ म्हटलं की साताऱ्याचा माणूस रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव काढतो. ते माहुलीचे. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सत्तेवर बसलेल्या त्यांच्या काकांना, राघोबादादांना, शास्त्रीबुवांनी त्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. मग न्यायाधीशपद सोडून ते वाईच्या बाजूला निघून गेले. शाळेत आपण हे धैर्य म्हणून पाठ करतो. पुढे साताऱ्याला कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या ग्रँट डफनं मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्याविषयी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. घरात एका दिवसापुरतीच शिधासामग्री ठेवायची, हा त्यांचा रिवाज होता. धैर्याचं निम्मं बळ तिथे आहे. ज्याचा संसार पुढच्या महिन्याच्या पगारावर आणि वीस वर्षांच्या घरकर्जावर टांगलेला आहे, त्या कनिष्ठ अभियंत्याला, लेखापालाला, बँकेतल्या अधिकाऱ्याला आपण ‘रामशास्त्री हो’ म्हणतो, ते जरा स्वस्तातलं आहे. त्यानं सही करावी असं मी म्हणत नाही. पण ज्या कारभारात चोख राहायला रोज रामशास्त्रीच लागतो, तो कारभारच मुळात नासका.

म्हणून जे आपल्या हातात आहे त्याबद्दल बोलू. सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बरंचसं अर्थकारण सहकारी: कारखाना, बँक, पतसंस्था, दूध संघ, सूतगिरणी. मालक आपण आहोत. आणि वार्षिक सभेत आपण काय करतो? अहवालाचा विषय पुकारला जातो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका उठतो, दहा मिनिटांत बारा विषय उरकतात आणि आपण जेवणाच्या पंगतीकडे वळतो. कराड जनता बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांच्या हाती विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेचाच आधार उरला. अशी वेळ आली की आपण संचालकांच्या नीतीवर बोलायला लागतो. त्याआधी कितीएक सभांना आपण बसून आलेलो असतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. त्याच्या कलम 32 नं सभासदाला संस्थेची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिलेला आहे. उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यायचं, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. हे व्याज मागितलेले शेतकरी मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन. यंदा सभेची नोटीस आली की लेखापरीक्षणाचा अहवाल आधी मागून घ्या, त्यातले दोष वाचा आणि सभेत उठून एक प्रश्न विचारा. शेजारचा दंड धरून खाली बसवेल. तरी विचारा.