उचलता येणारी जमीन

होडीतली जमीन पाणी अडवत नाही. ते काम बाहेरच्या कवचाचं. आतल्या फळ्या असतात पाय ठेवायला, आणि त्याच पायांपासून कवचाला वाचवायला. लहान शिडाच्या होडीचं प्लायचं कवच बहुधा पाच-सहा मिलिमीटर जाडीचं असतं. बाहेरून सगळीकडून सारखं दाबणारं पाणी ते निमूट पेलतं. आतून दोन बरगड्यांच्या मधोमध एक टाच जोरात पडली की तडकतं. फळी त्या टाचेचा भार बरगडीवर नेऊन ठेवते. एवढंच तिचं काम, आणि ते दिसत नाही.

बुडण्याची भीती सगळ्यांना पाण्याची असते. सुताराला ती माणसांच्या पायांची असते.

सह्याद्रीच्या या अंगाला बसून होडीच्या फळ्यांचा विचार करणं थोडं हास्यास्पद वाटेल. पण नाशिकला पाणी आहे. गंगापूर धरण 1965 मध्ये पुरं झालं. पावसाळा संपता संपता त्याच्या फुगवट्यावर शीड उभारावं असा वारा असतो. नाशिकच्याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, एकेकाळी विहिरी खणणारा दत्तू भोकनळ 2016 साली वल्हं मारत रिओ ऑलिंपिकला पोचला. तेव्हा पाण्याशी नातं जोडायला पाण्याकाठीच जन्मावं लागतं असंही नाही. शिवाय नाव हा इथला जुना विषय आहे. नाशिकच्या पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात उषवदात या दात्याचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्याचं पुण्य त्यात नोंदलं आहे. त्या नावा कोणी बांधल्या, ते मात्र त्यात नाही. शिलालेख दात्याचा होतो, सुताराचा होत नाही.

लाकूड म्हणाल तर ते वाड्यांतून येतं. जुन्या नाशकातला वाडा उतरवला की तुळया आणि तक्तपोशीच्या फळ्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. जुना साग कापला तरी तेलाचा वास येतो. या तेलामुळेच तो पाण्याला टिकतो, आणि या तेलामुळेच त्याला सरस नीट धरत नाही. जोडायच्या आधी थिनरनं पुसून घ्यावा लागतो. गुण आणि खोड एकाच ठिकाणाहून निघतात, हे लाकडाइतकं स्पष्ट माणसात दिसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं 1817 सालचं ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. सागाची शिफारस याहून वेगळी काय करायची? एक सावधगिरी तेवढी सांगतो: वाड्याच्या लाकडावर रंधा चालवण्याआधी चुंबक फिरवावं. आजोबांनी ठोकलेला खिळा नातवाच्या रंध्याचं पातं खातो.

वाड्यातली तक्तपोशी आणि होडीतली फळी एकाच झाडाची असली तरी त्यांचा धर्म वेगळा. तक्तपोशी एकदा बसली की बसली. वर माती चोपतात, मातीवर बिऱ्हाड येतं, पिढ्या जातात. खाली काय चाललं आहे हे तुळई मोडेपर्यंत कळत नाही. ज्या जमिनीखाली कधी पाहत नाही तिच्यावर निवांत झोपायचं, याला आपण घर म्हणतो. होडीत असं झोपलेला माणूस फार दिवस होडीवाला राहत नाही.

घरात सुतार दोन साक्षीदारांवर विसंबतो, ओळंबा आणि पाणसळ. होडीत दोन्ही निकामी, कारण होडी स्वतःच कललेली असते. किनाऱ्यावर टेकू देऊन ठेवली तरी नेमकी सरळ कोण ठेवणार? तिथे सरळपणा बाहेरून आणता येत नाही. नाळेपासून मागच्या पाटापर्यंत दोरी ताणायची, ती मधली रेषा. सगळी मापं तिच्यापासून दोन्ही बाजूंना. होडी जशी आहे तशी, तिच्याच कण्यावरून मोजावी लागते.

आणि हातानं बांधलेल्या होडीची डावी बाजू उजवीसारखी कधीच नसते. म्हणून फळी थेट कापायची घाई करू नये. आधी पुठ्ठा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा बरगड्यांवर टेकवायचा, कंपासचं एक टोक कवचाला लावून दुसऱ्यानं पुठ्ठ्यावर रेघ ओढत जायचं. कवचाचं वळण पुठ्ठ्यावर उतरतं. कडेचा उतार वेगळा. नाळेकडे कवच उभं होत जातं, मध्यावर पसरट असतं, त्यामुळे फळीच्या कडेचा कोन वीतभर अंतरातही बदलतो. तिरका गुण्या जागोजागी लावून तो कोन घ्यावा लागतो. शेवटचं सगळं रंध्याच्या दोन-दोन हातांनी: काढा, लावून बघा, पुन्हा काढा. सुतारकाम शिकवणारे माप शिकवतात. होडी लावून बघणं शिकवते.

मधली फळी पहिली. तिथून बाहेर. कडेची आधी बसवली की चूक मध्यावर येऊन साचते, आणि मध्यावरच सगळे उभे राहतात.

आता फटीविषयी. नवशिका फळ्या एकमेकींना चिकटवून बसवतो आणि कामावर खूश होतो. आषाढात त्या फुगतात, एकमेकींना रेटतात, आणि जागा न मिळालेली फळी वर उचलली जाते किंवा कवचाला ढकलते. श्रावणात अडकणारं आणि चैत्रात आपोआप उघडणारं दार नाशिकच्या प्रत्येक घरात असतं, तरी होडी बांधताना ते आठवत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. शंभर मिलिमीटर रुंदीची सागाची फळी उन्हाळा ते पावसाळा एक-दोन मिलिमीटर सहज हलते. फट हा कारागिराचा कमीपणा समजणारं गिऱ्हाईक भेटलं तर त्याला होडीऐवजी टेबल करून द्यावं.

फटीचं दुसरं काम वाऱ्याचं. पूर्ण बुडालेलं लाकूड कुजत नाही, कोरडं ठणठणीतही कुजत नाही. कुजतं ते मधलं: ओलसर, झाकलेलं, हवा न लागलेलं. समुद्रात मीठ बुरशीला आवरतं, तिथला शत्रू लाकूड पोखरणारा किडा. धरणाच्या गोड पाण्यात तो किडा नाही, पण बुरशीला मोकळं रान आहे. होडीत पडलेलं पावसाचं पाणी तिच्या पोहण्याच्या पाण्यापेक्षा घातक असतं, हे गोड्या पाण्याच्या लोकांना उशिरा समजतं.

म्हणून फळ्या उचलून तळ वाळवता आला पाहिजे, आणि म्हणूनच खिळा नको. होडीच्या फळीची कसोटी अशी की एका बोटानं उचलता यावी, आणि होडी उलटली तरी जागची हलू नये. या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध आहेत. बरगडीवर पितळी स्क्रूनं लाकडी फिरकी बसवायची, फळीला बोट घालायला भोक ठेवायचं. फिरकी फिरवली की फळी कैद, उलटी फिरवली की मोकळी. फिरकी सैल झाली तर उलटलेल्या होडीतून फळ्या तरंगत निघून जातात. फार घट्ट झाली तर माणूस फळी उचलायचा कंटाळा करतो, आणि होडी कंटाळ्यातच बुडते. वॉर्निशचा आग्रहही धरू नये. दिसतं देखणं, पण ओल्या पायाखाली घसरतं. जवसाच्या तेलाचे दोन हात बरे.

गंगापूरच्या पाण्यावर होडी ठेवणाऱ्यांना एक विनंती. जूनच्या आधी फळ्या काढा, तळ घासून वाळवा, फळ्या उन्हात नव्हे तर सावलीत उभ्या ठेवा. काढताना प्रत्येक फळीच्या पोटावर डावी की उजवी, पुढून कितवी, ते पटाशीनं कोरून ठेवा. खडू पहिल्या पाण्यात जातो आणि पेन्सिल तेलात.