नऊ आणे

खामगाव,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. छकुली,


लेबलचा फोटो मिळाला. मांजरपाटाच्या पट्टीवर लाल दोऱ्याने ‘तारा’ आणि खाली बारीक अक्षरात ‘बुलढाणा’. ताराबाई शिंद्यांचं नाव त्यांच्याच गावातल्या दुकानाला द्यावं हे तुला सुचलं, याचं मला अप्रूप वाटलं. पण नाव घेतलंस तर पुस्तकही वाच. छोटंसंच आहे, दोन दुपारी पुरतील.

1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. वर्तमानपत्रांतून समस्त बाईजातीच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला, आणि बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून काढलं. पुरुषांनी साहेबी पोशाख चढवला त्याचीही त्यात झकास खिल्ली आहे. कपडे शिवणारीने ते पान खूण घालून ठेवावं. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 500 प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. लोक इतके चिडले की बाईंनी पुढे काही छापलं नाही. जोतिबा फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, आणि नंतर स. गं. मालशांनी 1975 मध्ये पुस्तक पुन्हा छापेपर्यंत सगळं सामसूम.

मला त्या नऊ आण्यांपाशीच थांबायचं आहे. एवढा संताप ओतला, पण पुस्तक फुकट वाटलं नाही. आणि तू? तुझ्या व्हॉट्सॲपवरच्या यादीत ब्लाउजच्या फोटोखाली लिहिलंयस, ‘मैत्रिणींसाठी वाटेल ते द्या’. अगं, बुलढाण्यात तुझी मैत्रीण नाही अशी बाई कोण आहे?

वही काढ. समज, अस्तराच्या ब्लाउजचे तू 350 घेतेस. अस्तर 70, हुक-दोरा-कॅनव्हास-वीज मिळून 30. उरले 250. माप, कटिंग, शिलाई, हातशिलाई आणि ‘जरासं सैल कर’ म्हणून परत आलेली फेरी, असे चार तास धर. तासाला साधारण 62 रुपये पडले. आता मैत्रिणीने 200 हातावर ठेवले, तर तासाला 25. पऱ्हाटीत वेचणीला जाणारी बाई कंबरेला ओटी बांधून दिवसभर उन्हात वाकते, पण संध्याकाळी काट्यासमोर उभी राहून स्वतःच्या कापसाचे किलो डोळ्यांनी बघून घेते. आपण सावलीत बसतो म्हणून आपल्या तासांना काटाच लावत नाही.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. एका शाळेचे गणवेश घेतले होते, नाव सांगत नाही. दोन महिने रात्री जागून शिवले, पैसे दीड वर्षाने आले, तेही अर्धे. तुझे काका म्हणाले, ‘जाऊ दे, तुझा वेळ तर गेला होता.’ बरा माणूस, मनात काही नव्हतं. पण माझ्या कामाला घरात ‘वेळ घालवणं’ म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी दरांची पाटी रंगवून आणली. पहिलीच बाई म्हणाली, ‘आपल्याच लोकायले पैसे मांगतं काय वो?’ मी म्हटलं, ‘आपल्याच लोकायनं द्यावं म्हणून.’ ती गेली. दिवाळीच्या आधी परत आली, बरोबर जावेला घेऊन.

उद्यम नोंदणी तुझ्या नावाने कर. आधार-पॅन लागतं, सरकारी फी शून्य आहे. नेटकॅफेवाला पाचशे मागेल, देऊ नकोस. बँकेचं खातंही तुझंच, बाबांबरोबर जोडलेलं नको. मशीनसाठी मुद्राचं शिशु कर्ज 50,000 पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. पण आधी साधं मशीन आणि इंटरलॉक, भरतकामाचं मशीन मागाहून. आणि 12 जानेवारी विसरू नकोस. जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला निघणाऱ्या पोरींना शिवलेली नऊवारी हवी असते, आणि मागणी नेमकी आदल्या आठवड्यात येते. डिसेंबरातच मापं घेऊन ठेव.

आता थोडं कडू. पिशवीवर ‘स्त्रीशक्ती’ छापणार म्हणालीस. छाप बापडी. पण काज करायला ज्या बायका बसवशील त्यांना नगामागे काय देणार, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. जलंबहून खामगावला 1870 साली रेल्वे आली ती कापसासाठी. इथून गाठी मुंबईला, तिथून बोटीने विलायतेला, आणि दाम वाढला तो पुढेच कुठेतरी. वेचणारीचा हात त्या हिशेबात कधी मोजला गेला नाही. तुझ्या दुकानातही एक वेचणारी असणार आहे. तिचा दर तुझ्या दराच्या पाटीशेजारी लाव, गिऱ्हाइकाला वाचू दे. ‘एवढं महाग कसं?’ याचं उत्तर तिथेच मिळेल, तुला तोंड वाजवावं लागणार नाही.

तू दोघी बायका मागितल्यास. एक माझ्याकडची आहे, तुरपाई अशी करते की टाका शोधून सापडत नाही. तिला सोमवारच्या एसटीने पाठवते. पहिल्या महिन्याचं बसभाडं तू द्यायचं, आणि शनिवारचा हिशेब शनिवारीच. दुसरीशी अजून बोलायचं आहे. तिच्या सासूची परवानगी काढणं हा एक वेगळाच उद्योग आहे.

सोमवारी येणाऱ्या पहिलीबरोबर माझं खणाचं कापड देते. ब्लाउज शीव, गळा मागून दोन बोटं कमी, जुन्या मापावर जाऊ नकोस, दंड आता भरलेत. बिल मला पाठव, बाबांना नको.

तुझी,
आत्या