चामड्यातले भोक बुजत नाही

कापडावर वाकडी टीप पडली तर ती उसवता येते. ओला हात फिरवून इस्त्री केली की धागे पुन्हा जवळ येतात आणि सुईची भोके मिटतात. चामड्याला ही सोय नाही. सुईने कापलेला भाग तसाच राहतो, दोरा काढला तरी रेषा दिसतेच. चामड्याच्या कामासाठी पहिली मशीन घ्यायला निघालेल्याने एवढे मनात पक्के धरले, तरी बाजारातला निम्मा गोंधळ कमी होतो.

पहिली मशीन बहुतेकांना जुनीच परवडते. त्यात कमीपणा काहीच नाही. ओतीव लोखंडाची कारखान्यातली मशीन वेळेवर तेल मिळाले तर दोन पिढ्या चालते. अडचण होते ती चुकीच्या जातीची मशीन गळ्यात पडली की. "जीन्स शिवते, मग चामडे का नाही शिवणार?" असे विकणारा म्हणतो आणि दोन थरांवर टीप मारून दाखवतोही. सुई आरपार जाते, हे खरे आहे. पण चामडे शिवताना सुई आरपार जाण्यापेक्षा चामडे पुढे सरकणे जास्त अवघड असते.

शिंप्याच्या साध्या मशीनमध्ये खालचे दाते कापड ओढतात आणि वरचा पाय नुसता दाबून धरतो. चामडे त्या पायाला चिकटते. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि शिवण संपेपर्यंत कडा जुळेनाशा होतात. शिवाय खालच्या बाजूला दात्यांचे ओरखडे उठतात. कंपाउंड फीडच्या मशीनमध्ये सुई, पाय आणि दाते एकदम सरकतात, तेही सुई चामड्यात रुतलेली असताना. थरांना घसरायला वावच मिळत नाही. जुकी एलयू ५६३, कॉन्स्यू २०६ आरबी, सिंगर १११ डब्ल्यू १५५ ही या जातीची जुनी, भरवशाची नावे. पिशव्या, पाकिटे, पट्टे करायचे असतील तर माझे मत सरळ आहे: थोडे थांबा, पैसे साठवा, पण याच जातीची घ्या.

नवख्यांचे मन बऱ्याचदा सिंगर २९ के सारख्या पॅचर मशीनवर जडते. तिचा पाय हव्या त्या दिशेला फिरतो आणि तिचा बारीक, लांब हात बुटाच्या पोटात शिरतो. दुरुस्तीच्या कामात तिला तोड नाही. पण बॉबिन लहान, आणि झिजलेल्या मशीनचा टाका आखडत जातो. रोज नव्या पिशव्या शिवणाऱ्याची ती पहिली मशीन नव्हे. म्हणून "कोणती मशीन घेऊ?" याच्या आधी "मी काय शिवणार आहे?" हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर कुठल्याही दुकानात मिळत नाही. कोल्हापुरी चपलेचा तळ तर आजही चामड्याच्या वादीने हाताने शिवला जातो. तिथे मशीनची वाट कुणी पाहिली नाही. काही महिने आरी आणि दोन सुयांनी शिवून पाहिले, तर आपले काम नेमके कोणते ते हातांना कळते.

मग मशीन पाहायला जाताना आपल्या चामड्याचे तुकडे, आपला नायलॉनचा दोरा आणि त्याला साजेशी सुई बरोबर न्यावी. आधी मोटार बंद ठेवून हाताने चाक फिरवा, ते कुठे अडते का पाहा. दोरा पकडणाऱ्या हुकच्या टोकावरून नख फिरवा, खाच लागते का बघा. मग दोन थरांवरून चार थरांवर चढा आणि पुन्हा खाली उतरा. त्या पायरीवरचे टाके बाकीच्यांइतकेच लांब आले पाहिजेत. तुकडा उलटा करा: गाठ थरांच्या मध्ये बसली आहे, की खाली दोऱ्याची सरळ रेघ दिसते? टाका किती लांब करता येतो तेही पाहा. फार जवळ टाके पडले की चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्याच रेषेवर फाटते. मोटार भरधाव पळत असेल तर तेवढ्यावरून मशीन नाकारू नका. हळू चालणारी सर्व्हो मोटार नंतर बसवता येते. झिजलेले अंग मात्र तितक्या सहज बदलत नाही.

ही मशीन आधी काय शिवत होती, हेही विचारा. धारावीतल्या बॅगांच्या गाळ्यातून आलेली मशीन जाड दोऱ्याला सरावलेली असते. आज चामड्याचे काम सगळ्या थरांतली मुले हौसेने शिकत आहेत, याचा मला आनंद आहे. पण या कामाची जाण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना आपल्या समाजाने याच कामामुळे स्वतःपासून दूर ठेवले, हेही शिकणाऱ्याने विसरू नये. मशीनच्या आवाजावरून दोष सांगणारी माणसे आजही त्याच गाळ्यांत आणि फुटपाथवर बसलेली आहेत.

जो तुमच्या तुकड्यावर टीप मारू देत नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नका. आणि पाहायला जाताना आवाजावरून दोष ओळखणारा असा एखादा कारागीर मानाने बरोबर न्या, त्याचा बुडालेला रोज त्याला पुरता द्या.